कानांची चादर

सोलापुरात राहून चादर मिळत नाही अशी तक्रार करणारं माणूस मी आमच्या अक्काच्या आधी पाहिलं नव्हतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरात चादरींना तोटा नव्हता. तिच्या दिराचा चादरींचा कारखानाच आहे. पण तिला हवी होती तशी चादर त्या कारखान्यात नव्हती आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात नव्हती, कारण ती अजून कुणी विणलेलीच नव्हती.

अक्काच्या सासूला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. अव्वा न्हाणीत पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि त्यानंतर अंथरुणातून उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर थोड्या थोड्या वेळानं कूस बदलून देत राहा. सांगायला हे सोपं होतं. अव्वा अंगानं चांगल्या भक्कम. त्यांना वळवायचं म्हणजे दोन माणसांचं काम, एक खांद्याला आणि एक कमरेला. घरात माणूस एकच, अक्का. तिचे यजमान, आमचे दाजी, श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीला. कारखाना बंद असला की ते बरेच दिवस घरी असतात. गाळप सुरू झालं की त्यांचा संसार साखरेशी. एक बाई कामाला ठेवून पाहिली. अव्वांनी तिला अंगाला हात लावू दिला नाही. मी रोज जात असे, पण हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला भरलेली बादली उचलायचीही मनाई आहे. मी फक्त लोकांची मतं उचलून धरू शकत होतो.

तेव्हा अक्कानं स्वतःच एक युक्ती काढली. एका जुन्या चादरीच्या दोन्ही लांब कडांना तिनं खाटेच्या नवारीचे तुकडे शिवले, मुठीत धरता येतील असे. कढईला कान असतात ना, तसे. ही चादर अव्वांच्या अंगाखाली घालायची आणि पलीकडच्या बाजूचे कान धरून आपल्याकडे ओढायचे. अव्वा आपोआप कुशीवर येत. एकट्या बाईला जमत होतं. अव्वांनाही ते आवडलं.

"भाकरी परतल्यासारखी परतती बग मला," त्या मला म्हणाल्या. "एक बाजू करपायच्या आत दुसरी."

अडचण एवढीच होती की शिवण टिकत नव्हती. चादरीची कड पातळ. दहा-पंधरा दिवसांत नवार कापड फाडून बाहेर येई. अक्का पुन्हा शिवी, पुन्हा फाटे. हे कान विणतानाच कापडात घ्यायला हवेत आणि कड जाड, दुहेरी सुताची हवी, हे तिच्या ध्यानात आलं. म्हणजे मागावरच करायला हवं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं, दाजी जातात. त्याच्या आत ती चादर हातात हवी होती. अव्वांना दुसरीकडे कुठं पाठवायची वेळ येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडी अक्षर येत नव्हतं. अव्वांनी शिकवलं, शिव्यांपासून सुरुवात करून. पुढं दोघींची इतकी गट्टी जमली की दाजी घरात आले तरी बोलणं थांबत नसे.

तिनं दिराला सांगितलं. दीर नुकतेच कुठलंसं शिबिर करून आले होते. गळ्यात ओळखपत्राची फीत घालून काढलेला त्यांचा फोटो ऑफिसात लावलेला होता. शिबिरातून ते बरेच नवे शब्द घेऊन आले होते आणि ते वापरायला त्यांना वस्तूच मिळत नव्हती. अक्काची चादर ऐकून त्यांचे डोळे चमकले. नवी वस्तू काढताना पहिल्या खेपेला कमीत कमी काय केलं तर चालेल एवढंच ठरवायचं, बाकी सगळं पुढं ढकलायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाठ असणं आणि पटलेलं असणं यात फरक असतो, हे माझ्यासारख्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सात रस्ता चौकाजवळ त्यांचं ऑफिस. तिथं त्यांनी भिंतीवर पांढरा फळा बसवून घेतला होता. पहिल्या बैठकीला आम्ही चौघं: दीर, अक्का, मी आणि कारखान्यात नक्षी बसवणारे मास्तर. मास्तर विणकर घराण्यातले, घरी तेलुगू बोलणारे, आणि स्वतःच्या मोरावर निस्सीम प्रेम असलेले. त्यांचा मोर सोलापुरातल्या निम्म्या चादरींवर नाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'आत्ता', उजवीकडं 'नंतर'.

"बोला वैनी. गिऱ्हाईक कोण?"

"कोण म्हणजे? अव्वा."

"ते हाय ओ. पण जरा मोठं बघायचं. मार्केट."

"आधी अव्वा वळू द्या भावजी. मार्केट कुठं पळून चाललंय?"

मास्तर म्हणाले, कडेला एक खिसा ठेवू, औषधाला. दीर म्हणाले, चार रंग काढू. मीही, गप्प बसवत नाही म्हणून, उशीची खोळ जोडीला असावी असं सुचवलं. प्रत्येक वेळी अक्का एकच प्रश्न विचारी: "ह्यानं अव्वा वळती का?" नाही वळत. मग नंतर. तिनं आम्हा तिघांची शहाणपणं एकेक करून उजवीकडं नेऊन टाकली. डावीकडं उरलं ते एवढंच: एकच माप, जाड कड, विणलेले कान आणि पांढरा रंग. पांढरा कशासाठी, तर पाठीला जखम होऊ लागली तर कापडावर डाग लगेच दिसावा. चहा येऊन संपेपर्यंत सगळं ठरलं. इतकी नेटकी बैठक मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्या कॉलेजात खुर्च्या किती मागवायच्या यावर याहून जास्त वेळ जाई.

दीर फळ्याचा फोटो काढत म्हणाले, "झालं. आता फक्त विचारून यायचं."

हे विचारून येणं समजावून सांगायला हवं. त्यांच्या घरात नवं काही काढायचं झालं की वडीलधाऱ्यांना विचारतात. परवानगी मागायला असं नाही, मान म्हणून. विचारलं नाही तर माणूस दुखावतो. आणि विचारल्यावर तो नुसतं 'बरं' म्हणाला तर त्याला विचारून उपयोग काय झाला, असं लोक म्हणतात. त्यामुळे ज्याला विचाराल त्याला काहीतरी उणं काढून दाखवावंच लागतं. आणि त्यानं काढलं की ते मोडता येत नाही, कारण विचारायला तुम्हीच गेलेले असता.

दिरांचे थोरले काका वळसंगला राहतात, शेतीवर. दीर मला बरोबर घेऊन गेले. काकांनी शांतपणे सगळं ऐकलं, मोबाइलवरचा फळ्याचा फोटो हात लांब धरून पाहिला, आणि विचारलं, "पयला नग कुणाच्या अंगावर?"

"अव्वाच्या," दीर म्हणाले.

"अंगावर?"

"अंगावर न्हाय... खाली."

काकांनी कपबशी खाली ठेवली. "तुज्या बापानं माग बसवला तवा पयली चादर देवाला दिली. मग दुसरी मानाच्या मानसाला. नव्या नगाची सुरवात आजाऱ्याच्या पाठीखालनं करनार तुमी? ब्याड, ब्याड, नगं. माग बसंल की तुजा."

बसेल म्हणजे बंद पडेल. दिरांचा चेहरा पडला. मी मध्ये बोललो, "काका, मग देवाला द्या की पहिली चादर. कानांसकट."

"देवाला कान कशाला लावतूस रं? त्याला कुटं वळवायचंय?"

मी चहा संपवला आणि उठलो.

परत येताना दीर गाडीत म्हणाले, "काकांचं पण बरोबर हाय की पावणं. पयला नग शुभच पायजे."

"ठीक आहे. एक बिनकानाची विणा, देवाला द्या. दुसरी अव्वांना."

"एक कशी विणायची? ताणा, म्हंजे उभं सूत, एकदा मागावर चढवला की थप्पीच निघते. एका चादरीसाठी कोण ताणा लावतंय?"

हेही खरंच होतं. म्हणजे पहिली सगळी थप्पी शुभ निघणार. एवढ्या शुभ चादरींचं करायचं काय? तर सत्काराला. आमच्या गावात वाढदिवस, निवृत्ती, निवडणूक, पारितोषिक, काहीही झालं तरी माणसाच्या खांद्यावर कापड पडतंच. दिरांना हे गाडीतच सुचलं, आणि सात रस्ता येईपर्यंत ते 'मार्केट' झालं होतं.

दुसऱ्या बैठकीला अक्काला यायला उशीर झाला. शेजारणीला अव्वांजवळ बसवून ती आली. तोवर फळ्यावर बरंच स्थलांतर झालं होतं. सत्काराच्या चादरीला कान लोंबताना बरे दिसत नाहीत, म्हणून कान उजवीकडं गेले. जाड कड पाहुण्यांच्या मानेला टोचेल, तीही गेली. पांढरं कापड जिवंत माणसाच्या खांद्यावर घालायचं म्हणजे काय, असं मास्तर म्हणाले आणि कुणी वाद घातला नाही. मग रंग आले. रंग आले तर मोर हवाच. मास्तरांनी मोर आणलेलाच होता. प्रत्येक बदलाला कारण होतं, प्रत्येक कारण ऐकताना पटत होतं, आणि शेवटी डावीकडं अक्कानं सांगितलेली एकही गोष्ट शिल्लक नव्हती. वर 'आत्ता' हा शब्द तेवढा तिच्या वेळचा होता.

अक्का फळ्यासमोर उभी राहिली.

"भावजी, ह्यात माझी चादर कुठली?"

"ही वन पॉइंट झिरो वैनी. तुमची टू पॉइंट झिरो. ही निघाली की लगीच."

"गाळपाच्या आत?"

"आत म्हंजे... बघू की."

ती मास्तरांकडं वळली. "मास्तर, ह्या मोरानं अव्वा वळती का?"

मास्तर दुखावले. "अक्का, मोर कुणाला वळवत न्हाई. मोराकडं लोक वळतात."

घरी जाताना मी तिला म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून विणून घेऊ. गावात माग काय एकाचेच आहेत? ती रिक्षात सरळ बघत बसली होती. म्हणाली, "घरात माग असताना आईसाठी बाहेरनं विणून आणली असं झालं तर लोक भावजींना काय म्हणतील?" मी म्हटलं, "आणि तुझी पाठ?" ती म्हणाली, "शिवीन की परत. अजून थोडे दिवस." ती शिवत राहिली. मीही मग तो विषय पुन्हा काढला नाही.

गाळप सुरू झालं. दाजी श्रीपूरला गेले.

नव्या चादरीचं उद्घाटन एका सभागृहात ठेवलं होतं. खरं तर सभागृह आणि प्रमुख पाहुणे हे दोन्ही आधी ठरले आणि मास्तरांना त्या तारखेपर्यंत मोर पुरा करावा लागला. पहिली चादर देवाला देऊन झाली होती. दुसरी पाहुण्यांच्या खांद्यावर पडली. मग पाहुण्यांनी बाकीच्यांच्या खांद्यांवर घातल्या. सत्काराची चादर दाखवायची तर सत्कार करावेच लागतात, त्यामुळे समोर बसलेल्या बहुतेकांचा सत्कार झाला. माझाही झाला. कशाबद्दल, ते निवेदकानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिरांचं भाषण चांगलं झालं. त्यांनी अव्वांची गोष्ट सांगितली. आजारी आईची सेवा करताना एका सुनेला सुचलेली ही चादर, असं म्हणताना त्यांनी रुमालानं डोळे पुसले. ढोंग नव्हतं ते. अव्वा त्यांचीही आईच. सभागृहात टाळ्या झाल्या आणि निवेदकानं त्या सुनेला मंचावर यायची विनंती केली. दोनदा केली. सून आली नव्हती. तिला अव्वांची कूस बदलायची होती.

दुसऱ्या दिवशी दीर एक चादर घेऊन आईकडं आले. खाली नाही, अंगावर घातली, ते चालतं. अव्वांनी हातानं चाचपून पाहिलं.

"येनो हे? काय टोचतंय?"

"मोर हाय अव्वा. जरीचा."

"साकु, पुरे. काढ. तुज्या त्या सभेतल्या सायबाला दे ह्यो मोर."

दीर हसले. अक्काही हसली. चादर घडी करून कपाटात गेली.

'लगीच' मात्र येईना. सत्काराच्या चादरीला मागणी आली, आणि ती अशी आली की माग मोकळा होईना. लग्नसराईत नवरदेवाच्या मामाला, शाळांच्या स्नेहसंमेलनात अध्यक्षांना, सगळीकडं मोर. याचा राग कुणावर धरायचा? कारखान्यात माणसांना काम होतं, पगार वेळेवर होत होते. अक्का फोन करी तेव्हा दीर मनापासून म्हणत, "ह्या ताण्यानंतर वैनी. पक्कं." आणि त्या ताण्यानंतर पुन्हा कुणाचा तरी अमृतमहोत्सव निघे.

ज्या दिवशी शिवण फाटली त्या दिवशी मी तिथंच होतो, समोरच्या खुर्चीत, पेपर वाचत. सकाळची वेळ. अक्कानं पलीकडचे कान धरले, ओढले, अव्वा अर्ध्या वळल्या, आणि कापड टरकन फाटलं. खांद्याकडचा कान अक्काच्या हातात राहिला. अव्वा खाटेच्या कडेला होत्या. अक्कानं त्यांना दोन्ही हातांनी धरलं, छातीनं आत ढकललं. पडू दिलं नाही. मग ती खाली बसली आणि उठेना. मला वाटलं घाबरून बसली आहे. तिच्या पाठीत काहीतरी सरकलं होतं.

अव्वा भिंतीकडं तोंड करून विचारत होत्या, "लागलं का गं? अगं लागलं का तुला?"

डॉक्टरांनी तिला ओझं उचलायची कायमची बंदी केली. आमच्या घरात आता दोघांना बंदी. दाजींनी हंगामात मिळेल तेवढी रजा घेतली, मग अव्वांना विजापूरला लेकीकडं नेलं. तिथं घर मोठं, दोन सुना, हाताशी माणसं. कुणाचंच चुकलं नाही. गाडीत ठेवताना अव्वांनी अक्काचा हात सोडला नाही.

"मी गेले की तुजी पाठ बरी हुईल. बरी झाली की मला न्ह्यायला ये."

"येते की."

आता फोनवर त्या रोज पाठीचीच चौकशी करतात. अक्का म्हणते, होतेय हळूहळू. ती आता स्वयंपाक करते, बाजारात जाऊन येते. पाण्याचा हंडा दाजी असले तर ते उचलतात, नसले तर शेजारीण. डॉक्टरांचं म्हणणं जे होतं तेच आहे. ते तिनं अव्वांना सांगितलेलं नाही.

हंगाम संपता संपता दीर एका दुपारी आले. मी बसलो होतो. एरवी ते दारातूनच बोलायला सुरुवात करतात. त्या दिवशी आले आणि बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, चादर मागावर घेतो आता. तुमची. कुणाला विचारत न्हाय, काकांना न्हाय, मास्तरांना न्हाय. मला माप तेवढं सांगा."

अक्का बाहेर आली. "कुणाचं माप?"

"कानांचं. किती अंतरावर काय."

"ते अव्वाचं माप हाय भावजी. खांदा कुठं येतो, कंबर कुठं येती, ते बघून मी शिवत होते. दुसऱ्या बाईचं मला काय माहीत?"

"मग अव्वाच्याच मापाची काढू की."

"काढून?"

दीर पुन्हा खाटेकडं बघू लागले. विजापुरात माणसं पुरेशी होती हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी म्हणाले, "असू दे की. काढून ठेवू. तुमची पाठ बरी झाल्यावर..." आणि मग माझ्याकडं बघून थांबले.

अक्कानं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. मग खाटेजवळ गेली, सावकाश एक गुडघा टेकवून बसली, आणि गादीवर हात ठेवून दाखवू लागली. "हितं डोकं. हितनं खांदा. पयला कान हितं पायजे, ह्याच्या वर न्हाय, न्हायतर मान ओढली जाती." दीर मोबाइलमध्ये टिपू लागले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्यातून होता. कुठल्यातरी संस्थेला सत्काराच्या चादरी तातडीनं हव्या होत्या आणि मोर हिरवा घ्यायचा की मरून, हे मास्तर विचारत होते. एकच मिनिट, अशी खूण करून दीर बोलत बोलत ओसरीवर गेले.

अक्काचा हात खाटेवर तसाच होता, खांद्याच्या जागी. बाहेर हिरव्या-मरूनचं बराच वेळ चाललं होतं. तिनं हात हलवला नाही. मी म्हटलं, "अगं, उठ. पाठ दुखेल."

"येतील की आता," ती म्हणाली.